ऑफ म्हणजे सुटणं: इंग्रजीतली जोडक्रियापदं आणि प्रिपोझिशन्स, मराठीच्या वाटेने

‘द अलार्म वेन्ट ऑफ ॲट फाइव्ह.’ संध्याकाळच्या वर्गात नवी मंडळी आली की पहिल्याच दिवशी मी हे वाक्य म्हणते आणि अर्थ विचारते. बहुतेक जण सांगतात, ‘पाच वाजता अलार्म बंद पडला.’ अर्थ नेमका उलटा आहे. पाच वाजता अलार्म वाजला. पण उत्तर देणाऱ्यांचा तर्क चुकीचा नसतो. दिवा ऑफ, पंखा ऑफ, मोबाइल ऑफ, हे आपण लहानपणापासून बोलतो. मग ऑफ झालेला अलार्म वाजेल कसा?

हा लेख अशा तर्काने अडलेल्यांसाठी आहे. ज्यांना इंग्रजी वाचून बरंचसं कळतं, पण बोलताना किंवा मेल लिहिताना ‘इन’ की ‘ऑन’, ‘बाय’ की ‘अंटिल’ इथे हात थांबतो, त्यांनी तो सावकाश वाचावा. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधीच्या मराठी माध्यमातल्या मुलांनी पाचवीत एबीसीडी गिरवली आणि भाषांतर करत करत इंग्रजी शिकली. माझ्या वर्गात येणारे पुष्कळ जण त्याच पिढीतले असतात. त्यांना शब्द भरपूर येतात. अडचण येते ती या दोन-तीन अक्षरी शब्दांची.

एक खूण आधीच सांगते. आपण देवनागरीत दोन वेगळे इंग्रजी शब्द सर्रास ‘ऑफ’ असे लिहितो. मी इथे ‘चा-ची-चे’ अर्थाचा तो ‘ऑव्ह’ आणि सुटण्याच्या, दूर जाण्याच्या अर्थाचा तो ‘ऑफ’ असं लिहिणार आहे. उच्चारही तसाच करा. पहिल्यात शेवटी ‘व्ह’ आहे, दुसऱ्यात ‘फ’. फार पूर्वी हे दोन्ही एकच शब्द होते, आता त्यांचा संसार पूर्ण वेगळा आहे.

पहिली पायरी: आपल्या घरात काय आहे ते बघा

मराठी शिकायला आलेल्या एखाद्या परदेशी माणसाला ‘बघणे’ येतं, ‘घेणे’ही येतं. त्याला कुणी ‘बघून घेईन तुला’ म्हटलं तर ही धमकी आहे हे त्याला कळेल का? ‘बघून ये’, ‘बघून ठेव’, ‘बघून घे’ यांतला फरक त्याला कसा समजावाल? तुम्ही हा फरक कधी पाठ केला नाही, पण वापरताना एकदाही चुकत नाही. खाऊन टाक, विसरून जा, लिहून ठेव, शोधून काढ. यातला दुसरा शब्द स्वतःचा मूळ अर्थ जवळजवळ सोडून देतो आणि पहिल्याला वळण देतो. पोळी ‘खाऊन टाकताना’ कुणी काही टाकत नाही.

इंग्रजीत हेच काम अप, डाउन, आउट, ऑफ हे शब्द करतात. त्यांनी बनलेल्या क्रियापदांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात. संस्कृतात हेच काम उपसर्ग करतात: ‘हृ’ धातू एकच, पण आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार यांचा एकमेकांशी संबंध लावायला डोकं खाजवावं लागतं. संस्कृतात हा तुकडा धातूच्या आधी लागतो, इंग्रजीत क्रियापदाच्या नंतर येतो.

त्यामुळे ‘गो’ म्हणजे जाणे, ‘ऑफ’ म्हणजे बंद, अशी बेरीज करायची नाही. ‘गो ऑफ’ हा एकच शब्द समजायचा, मध्ये मोकळी जागा असलेला.

दुसरी पायरी: चार मराठी क्रियापदं हाताशी ठेवा

हे माझं आवडतं प्रकरण. वर्षानुवर्षं शिकवताना माझ्या लक्षात आलं की इंग्रजीतल्या या चार तुकड्यांना मराठीत चार जवळचे सोबती आहेत.

‘अप’चा सोबती ‘टाकणे’. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाक, ‘टेअर अप’ म्हणजे फाडून टाक, ‘यूझ अप’ म्हणजे वापरून संपवून टाक. वर जाण्याशी इथे काही संबंध नाही, काम पुरतं झालं एवढंच सांगायचं आहे. नुसतं ‘ईट’ म्हटलं तर खा, ‘ईट अप’ म्हटलं तर ताटात काही ठेवू नको. ‘गिव्ह अप’साठी मात्र ‘सोडून दे’ म्हणा. तिथेही मराठीत दोनच तुकडे आहेत.

‘आउट’चा सोबती ‘काढणे’. ‘फाइंड आउट’ शोधून काढणे, ‘पिक आउट’ निवडून काढणे, ‘वर्क आउट’ हिशोब किंवा गणित सोडवून काढणे. आउटची दुसरी छटा संपण्याची, आणि ती आपल्याला क्रिकेटने शिकवलेली आहे. ‘ऑल आउट’ म्हणजे सगळे गडी संपले. तसंच ‘वुई हॅव रन आउट ऑव्ह मिल्क’ म्हणजे घरातलं दूध संपलं. मैदानावरचा ‘रन आउट’ वेगळा, पण संपण्याची भावना तीच. एक जोडी मुद्दाम लक्षात ठेवा: दिवे ‘गो आउट’ झाले म्हणजे विझले, आणि तारे ‘कम आउट’ झाले म्हणजे दिसू लागले.

‘डाउन’चा सोबती ‘पडणे’. ‘द कार ब्रोक डाउन’: गाडी बंद पडली. ‘द फॅक्टरी शट डाउन’: कारखाना बंद पडला. ‘शी ब्रोक डाउन’: ती कोसळली, तिला रडू आवरेना. आपण यंत्र थांबलं की ‘पडलं’ म्हणतो, तेही ‘डाउन’ म्हणतात. डाउनचा दुसरा अर्थ कागदावर उतरवण्याचा आहे: ‘राइट डाउन’, ‘नोट डाउन’. आपणही वहीत ‘उतरवून’ घेतो. दोन्ही भाषांत दिशा खालचीच आहे.

आणि ‘ऑफ’चा सोबती ‘सुटणे’. आता अलार्मकडे परत या. बंदूक सुटते, बाण सुटतो, तसा अलार्म ‘गोज ऑफ’ होतो, म्हणजे आत दाबून ठेवलेलं काहीतरी सुटतं. बॉम्बही ‘गोज ऑफ’ होतो. दिवा ऑफ होतो तेव्हा विजेची जोडणी सुटते. सकाळी आपण ‘सेट ऑफ’ होतो म्हणजे घरून निघतो, जशी स्टेशनातून गाडी सुटते. विमान ‘टेक ऑफ’ करतं, ते जमिनीपासून सुटतं. कर्ज ‘पे ऑफ’ केलं की माणूस त्यातून सुटतो. ‘डे ऑफ’ म्हणजे सुट्टी, आणि ‘सुट्टी’ या शब्दातच ‘सुट’ आहे. दूध ‘वेन्ट ऑफ’ म्हणजे नासलं, त्याची मूळची चव सुटली. फलंदाज ‘ऑफ द मार्क’ होतो तेव्हा तो शून्यावरून सुटतो.

हे सोबती म्हणजे व्याकरणाचे नियम नव्हेत. अनोळखी वाक्य समोर आलं की पहिला अंदाज बांधायला ते उपयोगी पडतात, आणि अंदाज बांधला की शब्दकोश उघडायचाच. ‘थ्रो अप’ म्हणजे ‘फेकून टाकणे’ नव्हे, ओकणे. ‘टर्न डाउन’ म्हणजे पंख्याचा वेग किंवा आवाज कमी करणे, तसंच एखाद्याचा प्रस्ताव नाकारणे. अशा जागी सोबती साथ सोडतात.

एका जोडीने माझ्या ओळखीच्या एका मुलाची मुलाखत हुकवली, म्हणून ती ठळकपणे सांगते. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. त्याला आलेल्या निरोपात ‘पुट ऑफ टिल थर्सडे’ असं होतं. त्याने ‘पुट ऑफ’ वाचलं, मुलाखत रद्द झाली असं धरून चालला, आणि गुरुवारी गेला नाही.

तिसरी पायरी: ‘इट’ कुठे ठेवायचं

पंखा बंद कर हे दोन्ही प्रकारे म्हणता येतं: ‘स्विच ऑफ द फॅन’ आणि ‘स्विच द फॅन ऑफ’. पण पंख्याच्या जागी ‘इट’ आलं की एकच मार्ग उरतो: ‘स्विच इट ऑफ’. ‘स्विच ऑफ इट’ हे कानाला फार खटकतं. मी, तू, तो यांची रूपं, म्हणजे मी, यू, हिम, हर, इट, देम, ही मधेच बसतात: ‘पिक मी अप’, ‘राइट इट डाउन’, ‘थ्रो देम आउट’.

उलट ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे. इथे मधे काही घालता येत नाही: ‘लुक आफ्टर हिम’. ‘लुक हिम आफ्टर’ असं कुणी म्हणत नाही. ‘लुक फॉर’ शोधणे, ‘लुक इन्टू’ प्रकरणात लक्ष घालणे, ही त्याच जातीची.

मग कोणतं क्रियापद फुटतं आणि कोणतं फुटत नाही, हे कसं ओळखायचं? एक मार्ग कानाचा आहे. ‘स्विच इट ऑफ’ मोठ्याने म्हणा, जोर ‘ऑफ’वर पडतो. ‘लुक ॲट इट’ म्हणा, जोर ‘लुक’वर पडतो आणि ‘ॲट’ दबकत निघून जातो. ज्याच्यावर जोर पडतो तो तुकडा क्रियापदाचा अवयव असतो आणि सहसा मधे जागा देतो. जोर न घेणारा तुकडा साधं प्रिपोझिशन असतं, ते पुढच्या नामाला चिकटतं. हे डोळ्यांनी वाचून कळत नाही, ऐकावं लागतं.

दुसरा मार्ग शब्दकोशाचा. शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशात क्रियापदाच्या नोंदीच्या शेवटी फ्रेझल व्हर्ब दिलेली असतात. तिथे ‘एसटीएच’ म्हणजे समथिंग आणि ‘एसबी’ म्हणजे समबडी अशी आखूड रूपं असतात. ती मधे छापली असतील तर फोडता येतं, शेवटी असतील तर येत नाही. ही छोटी अक्षरं बहुतेक जण ओलांडून जातात, पण उत्तर तिथेच लिहिलेलं असतं.

तीन तुकड्यांची क्रियापदं सहसा फोडायची नाहीत: ‘पुट अप विथ’ म्हणजे खपवून घेणे, ‘रन आउट ऑव्ह’ म्हणजे संपणे, ‘लुक फॉरवर्ड टू’ म्हणजे एखाद्या गोष्टीची आनंदाने वाट पाहणे. शेवटचं तुम्ही मेलमध्ये रोज लिहीत असाल. त्यापुढे ‘मीट’ नाही, ‘मीटिंग’ येतं: ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’. कारण इथला ‘टू’ हे प्रिपोझिशन आहे.

चौथी पायरी: प्रत्ययाचं भाषांतर करू नका

इथून पुढे प्रिपोझिशन्स. आपल्या चुका इथे अगदी शिस्तीत होतात, कारण प्रत्येक चुकीमागे मराठीचा एक प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय उभं असतं.

‘तो माझ्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’. हवं ‘अँग्री विथ मी’. ‘देवावर विश्वास’ म्हणून ‘बिलीव्ह ऑन गॉड’. हवं ‘बिलीव्ह इन’. ‘तिच्याशी लग्न केलं’ म्हणून ‘मॅरीड विथ हर’. हवं नुसतं ‘मॅरीड हर’, आणि विवाहित असण्याबद्दल बोलायचं तर ‘इज मॅरीड टू’. ‘इंग्रजीत हुशार’ म्हणून ‘गुड इन इंग्लिश’, जिथे ‘गुड ॲट’ जास्त रुळलेलं आहे. ‘माझी वाट बघ’ यात मराठीत स्वतंत्र अव्यय नाही, म्हणून ‘वेट मी’. तिथे मात्र ‘फॉर’ लागतो: ‘वेट फॉर मी’. ‘गाणी ऐकतो’ म्हणून ‘लिसन साँग्ज’. हवं ‘लिसन टू साँग्ज’.

आपल्या ‘ला’चा घोळ सगळ्यात मोठा. ‘मला सांग’ म्हणजे ‘टेल मी’, मधे ‘टू’ नाही. ‘मला समजाव’ म्हणजे ‘एक्स्प्लेन इट टू मी’, तिथे ‘टू’ हवाच. ‘मला म्हणाला’ म्हणजे ‘सेड टू मी’. ‘त्याला विचार’ म्हणजे ‘आस्क हिम’. चारही ठिकाणी आपला ‘ला’ एकच, इंग्रजीत मात्र दोनदा ‘टू’ आणि दोनदा काहीच नाही. यामागचं कारण शोधत बसू नका. ‘एक्स्प्लेन-टू’ आणि ‘से-टू’ हे जोडशब्द म्हणूनच पाठ करा.

‘डिस्कस अबाऊट’ या प्रसिद्ध चुकीचं कारण मात्र सांगण्यासारखं आहे. मराठीत आपण ‘चर्चा’ हे नाम घेतो आणि त्याला ‘करणे’ जोडतो: ‘पगाराविषयी चर्चा केली’. ‘विषयी’ त्या नामाच्या ओढीने येतं. इंग्रजीतही नाम घेतलं तर ‘अ डिस्कशन अबाऊट सॅलरी’ बरोबर आहे. पण ‘डिस्कस’ या क्रियापदाच्या पोटातच ‘विषयी’ आहे. तसंच ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, पण ‘आय रिक्वेस्टेड लीव्ह’. ‘ॲन ऑर्डर फॉर टी’, पण ‘आय ऑर्डर्ड टी’. ‘ॲन आन्सर टू द लेटर’, पण ‘आय आन्सर्ड द लेटर’. अर्ज करणे, मागणी करणे, विनंती करणे: मराठीतलं क्रियापद ‘नाम आणि करणे’ अशा घडणीचं असेल तिथे सावध राहा, नामाचं प्रिपोझिशन उडी मारून क्रियापदावर बसू बघतं.

वाहनांचं सोपं आहे. ज्यात उभं राहून चालता येतं त्याला ‘ऑन’: बस, ट्रेन, विमान. ज्यात वाकून शिरायचं आणि बसूनच राहायचं त्याला ‘इन’: कार, टॅक्सी, रिक्षा. ज्यावर मांड टाकायची त्यालाही ‘ऑन’: सायकल, स्कूटर, घोडा. चढणं-उतरणंही तसंच, बसमधून ‘गेट ऑफ’, रिक्षातून ‘गेट आउट ऑव्ह’. आपल्याकडे बसमधून ‘गेट डाउन’ म्हणतात. भारतात ते सगळ्यांना समजतं, बाहेर ऐकणारा क्षणभर थबकतो.

पाचवी पायरी: पर्यंत, पासून आणि ‘आठवड्यात’

या पायरीवर घाई करू नका. वेळ चुकली की पैसे, नोकरी, माणसं, सगळ्यावर परिणाम होतो.

‘शुक्रवारपर्यंत अर्ज द्या.’ ‘शुक्रवारपर्यंत दुकान बंद आहे.’ दोन्हीकडे ‘पर्यंत’. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय फ्रायडे’, दुसऱ्याला ‘अंटिल फ्रायडे’ किंवा ‘टिल फ्रायडे’. पहिल्यात काम एकदाच व्हायचं आहे, शुक्रवार ओलांडण्याआधी केव्हाही. दुसऱ्यात एकच स्थिती शुक्रवारपर्यंत सलग चालू आहे. चाचणी अशी करा: ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ किंवा ‘च्या आधी’ बसलं तर ‘बाय’. बसलं नाही तर ‘अंटिल’. ‘शुक्रवारच्या आत अर्ज द्या’ जमतं. ‘शुक्रवारच्या आत दुकान बंद आहे’ जमत नाही. आता साहेबांना मेल लिहिताना ‘आय विल बी इन द ऑफिस बाय फाइव्ह’ लिहिलं तर अर्थ होतो, पाचच्या आत पोचेन. ‘अंटिल फाइव्ह’ लिहिलं तर पाचपर्यंत थांबेन. साहेब साडेचारला येऊन खुर्ची रिकामी बघतील की नाही, हे त्या एका शब्दावर ठरतं.

‘पासून’चेही दोन भाग करा. ‘सोमवारपासून ताप आहे’ यात सुरुवातीचा क्षण सांगितला आहे: ‘सिन्स मंडे’. ‘तीन दिवसांपासून ताप आहे’ यात लांबी सांगितली आहे: ‘फॉर थ्री डेज’. मोजता येत असेल तर ‘फॉर’, कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवता येत असेल तर ‘सिन्स’. दोन्हींबरोबर क्रियापद ‘आय हॅव हॅड फीव्हर’ अशा रूपात लागतं, ‘आय ॲम हॅविंग’ नको. दवाखान्यात हे वाक्य लागतंच, म्हणून तोंडपाठ करून ठेवा.

आणि ‘आठवड्यात’. ‘आय विल रिप्लाय इन अ वीक’ याचा रोजचा अर्थ आठवड्याने, म्हणजे आठवडा सरत आला की. ‘आठवड्याच्या आत’ म्हणायचं असेल तर ‘विदिन अ वीक’ लिहा. ‘ऑन टाइम’ म्हणजे ठरल्या वेळी, ‘इन टाइम’ म्हणजे उशीर व्हायच्या आत. लोकल ‘ऑन टाइम’ असते, ती पकडायला आपण ‘इन टाइम’ पोचतो.

बाकी वेळेचे नेहमीचे ‘ॲट’, ‘ऑन’, ‘इन’ तुम्हाला येतच असतील: घड्याळाला ‘ॲट’, वाराला आणि तारखेला ‘ऑन’, महिन्याला आणि वर्षाला ‘इन’. लास्ट, नेक्स्ट, धिस आलं की यातलं काहीच लावायचं नाही: नुसतं ‘नेक्स्ट मंडे’.

जड शब्दांच्या मागे लपू नका

वर्गात मला एक गोष्ट मनापासून खटकते. फ्रेझल व्हर्बची भीती वाटते म्हणून माणसं मोठे लॅटिन वळणाचे शब्द वापरतात. ‘पुट आउट द फायर’ न म्हणता ‘एक्स्टिंग्विश द फायर’, ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन’, ‘पुट अप विथ’ऐवजी ‘टॉलरेट’. हे चुकीचं नाही, कार्यालयीन पत्रात शोभतंही. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर शतकानुशतकं फ्रेंच आणि लॅटिन शब्द येत राहिले, म्हणून इंग्रजीत अशा दुहेरी जोड्या दिसतात: एक घरगुती, एक दरबारी. आपल्याकडेही ‘आग विझवा’ आणि ‘अग्निशमन करा’ आहेच. पण घराला आग लागल्यावर आपण शेजाऱ्याला ‘अग्निशमन करा’ असं ओरडून सांगत नाही. बोलताना घरगुती शब्द यायलाच हवेत, आणि समोरचा माणूस तर तेच बोलणार.

या क्रियापदांना घाबरणारे आपण पहिले नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलं आहे की क्रियापदापुढे असे तुकडे जोडून होणारे अर्थ परकीयांना सगळ्यात अवघड जातात.

आपल्याकडे रुळलेली काही रूपंही इथेच सांगते. ‘आय पास्ड आउट इन २०१५’ असं आपण कॉलेजबद्दल म्हणतो. परदेशी माणसाला त्यातून शुद्ध हरपल्याचं चित्र दिसू शकतं, म्हणून ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ काढा, ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’ काढा. फॉर्म ‘फिल इन’ किंवा ‘फिल आउट’ करतात, टाकी ‘फिल अप’ करतात, आणि फी तर ‘पे’ करतात. मराठीत हे तिन्ही ‘भरणे’च.

वही कशी ठेवायची

शंभर फ्रेझल व्हर्बची यादी आणून पाठ करू नका. ‘लुक’खाली लुक फॉर, लुक आफ्टर, लुक इन्टू, लुक अप अशी रांग लावली की सगळी एकमेकांत मिसळतात. वही उलटी लावा. एक पान ‘ऑफ’चं, एक ‘अप’चं, एक ‘आउट’चं, एक ‘डाउन’चं. पानाच्या माथ्यावर त्याचा मराठी सोबती लिहा. दिवसाला तीनच नोंदी, आणि प्रत्येक नोंद तुमच्या त्या दिवसातल्या खऱ्या वाक्यात. ‘माय सन्स स्कूल पुट ऑफ द पिकनिक’ हे वाक्य तुमच्या घरी घडलं असेल तर ते विसरणार नाही.

शेवटची काही पानं प्रिपोझिशन्ससाठी. तिथे एकटा शब्द लिहायचाच नाही. ‘अँग्री’ लिहू नका, ‘अँग्री विथ’ लिहा. ‘डिपेंड’ नको, ‘डिपेंड ऑन’. आणि ज्यांना काहीच लागत नाही त्यांच्यापुढे फुली मारा: डिस्कस फुली, मॅरी फुली, एंटर फुली, रीच फुली, आन्सर फुली. ही पाच आधी पक्की करा. आठवडाभर पाठवलेले मेल परत उघडून बघितलेत तर यातली निदान दोन तरी सापडतील, तिथून सुरुवात करा.